कातळावर कुंपण: रनिंग फुटाच्या आधी खड्ड्याचा दर विचारा

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तुमची ८० गुंठे जमीन आहे. घराचा चौथरा झाला आहे, हापूस आणि काजूची कलमे लावायची आहेत आणि त्याआधी पाच फुटी चेनलिंक जाळीचे कुंपण घालायचे आहे. हद्दीची लांबी साधारण १,४०० फूट. तिघांनी दर दिले. पहिला १५० रुपये रनिंग फूट, सगळे धरून. दुसरा १९०, सगळे धरून. तिसरा १८०, पण ‘कातळ लागेल तिथे खड्ड्याचे वेगळे’. तुम्ही पुण्यात असता, गावात फक्त आईवडील आहेत. तिसरा माणूस नंतर पैसे वाढवत नेईल अशी भीती वाटते, म्हणून पहिल्याला काम द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी लांजा, राजापूर आणि देवगड या पट्ट्यात बावीस वर्षे हेच काम करतो. तुमचे काम मी घेणार नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

प्रश्न दराचा दिसतो, पण तो दराचा नाही. तुमच्या जमिनीत एक फुटाखाली काय आहे हे आज तुम्हाला माहीत नाही आणि त्या तिघांनाही माहीत नाही. जे निघेल त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडायचा, हे ठरवायचे आहे. मातीच्या रानात दोन माणसे पहार आणि फावडे घेऊन दिवसाला तीस-चाळीस खड्डे सहज काढतात. तीच दोन माणसे एकसंध कातळावर घण आणि छिन्नी घेऊन बसली, तर संध्याकाळपर्यंत पाच-सहा खड्डे झाले तरी खूप. म्हणजे जाळी, तार, खांब यांचा खर्च सगळ्यांना जवळपास सारखाच येतो. फरक पडतो तो खड्ड्यात. आणि ‘सगळे धरून’ दर देणाऱ्याने खड्डा किती खोल धरला आहे, हे तुम्हाला कोणीच सांगितलेले नाही.

थोडा हिशोब मांडू. दहा फुटांवर एक खांब धरला तर १,४०० फुटांना १४० खांब. कोपऱ्यांना आणि मधल्या ताणाच्या खांबांना टेकू लागतात, ते धरून १६५ च्या आसपास खड्डे. पहिल्याचे काम २ लाख १० हजारांत, दुसऱ्याचे २ लाख ६६ हजारांत. तिसऱ्याचे मूळ २ लाख ५२ हजार. समजा १६५ पैकी ११० खड्डे कातळात गेले आणि त्याने खड्ड्यामागे २५० रुपये जादा लावले, तर २७,५०० रुपये वाढतील. म्हणजे २ लाख ७९ हजार ५००. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात फरक तेरा-साडेतेरा हजारांचा. पण पहिला त्यांच्यापेक्षा ५५ ते ७० हजारांनी खाली आहे. जाळी-तार त्याला कोणी फुकट देत नाही. हे पैसे तो कुठून तरी वाचवणार, आणि कुंपणाच्या कामात पैसे वाचवायच्या जागा तीनच: खड्ड्याची खोली, तारेची जाडी आणि सिमेंट. तिन्ही गोष्टी काम झाल्यावर डोळ्याला दिसत नाहीत.

हे मी कोणाला नावे ठेवायला लिहीत नाही. २००९ मध्ये मी स्वतः असाच दर दिला होता. लांज्याजवळच्या सड्यावर साडेतीन एकरांचे काम, वरून गवत आणि लाल माती दिसत होती, म्हणून सरसकट दर बोललो. चाळीस खड्ड्यांनंतर सगळीकडे कातळ लागला. पहिल्या आठवड्यातच मजुरीत नुकसान दिसू लागले. मी कामावर रोज उभा नव्हतो. टोळीने आपल्या मनाने खड्डे सहा-सात इंचांवर थांबवले आणि वरून सिमेंटचा गोळा लावून खांब उभे केले. मला ते कळले, पण मीही तेव्हा काही बोललो नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर अठरा खांब कलले होते. मालकाने बोलावले तेव्हा मान खाली घालून गेलो आणि ते अठराही खांब पदरच्या पैशाने पुन्हा बसवले. त्या दिवसापासून कातळावर सरसकट दर द्यायचे मी बंद केले. सरसकट दरात कातळ लागला की कंत्राटदाराचा प्रत्येक इंच तोट्याचा होतो, आणि तोट्यात चाललेल्या माणसाकडून खोल खड्ड्याची अपेक्षा करणे चूक आहे.

आता कातळाबद्दल, कारण सगळे त्यावरच आहे. आपला सडा म्हणजे जांभा. जांभ्याची वरची पापडी उन्हापावसात कडक झालेली असते आणि खाली तो मऊ होत जातो. चिरेखाणीत पाहिले असेल, वरचा थर काढून टाकून खालचा चिरा, म्हणजे बांधकामाचा दगड, कापतात, आणि तोच चिरा उघड्यावर राहिला की घट्ट होतो. त्यामुळे कुंपणाच्या रेषेवर तीन प्रकार भेटतात. एक, वर फूटभर माती आणि खाली गोट्यांचा तुटका थर. दोन, एकसंध कातळ, ज्यावर काहीच उगवत नाही आणि पावसाळ्यात पाणी साचून शेवाळ धरते. तीन, वर कडक पापडी आणि खाली पोकळी किंवा मऊ माती. तिसरा प्रकार सर्वात फसवा. पहार उभी धरून कातळावर आपटा. एकसंध असेल तर खणखणीत आवाज येतो आणि पहार हाताला झिणझिण्या आणते. खाली पोकळ असेल तर आवाज बद्द येतो, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. आमच्या टोळीतले जुने लोक नुसत्या आवाजावर सांगतात की इथे एक फूट पुरेल की दोन लागतील.

म्हणून माझा पहिला सल्ला: कोणाशीही दर ठरवायच्या आधी पाच-सहा चाचणी खड्डे काढून घ्या. चार कोपऱ्यांवर चार, आणि लांब बाजूंच्या मध्ये एकेक. मजुरीचा एखादा दिवस खर्च होईल. प्रत्येक खड्ड्यात टेप उभी धरून फोटो काढून ठेवा. मग एक बादली पाणी ओता आणि बघत राहा. पाणी तसेच राहिले तर कातळ एकसंध. दोन मिनिटांत नाहीसे झाले तर खाली भेग किंवा पोकळी आहे, आणि तिथे काँक्रीट ओतलेत तर त्यातली सिमेंटची पेजही तशीच निघून जाईल, मागे राहील नुसती खडी. अशा जागी खांब दोन-तीन फूट सरकवणे सर्वात स्वस्त. हे खड्डे दाखवून तिघांकडून पुन्हा दर घ्या. आजचे तिन्ही दर अंदाजाचे आहेत, त्यांची तुलना करून काही हाती लागणार नाही.

खोली किती असावी, हे जागेवर अवलंबून आहे. मातीत मी दोन फुटांच्या खाली ऐकत नाही. एकसंध कातळात बारा ते पंधरा इंच पुरतात, कारण चारी बाजूंनी कातळच खांबाला धरतो. तुटक्या थरात मात्र दोन फूट गेले तरी भरवसा नाही, तिथे खड्डा रुंद करून काँक्रीटचे वजन वाढवावे लागते. ‘सगळीकडे दोन फूट’ असा आग्रह धरू नका. कातळात दोन फुटांचे पैसे तुम्ही वायफळ द्याल, आणि मापाचा हट्ट धरला की माणसे मापात चोरी करायला शिकतात.

खोलीइतकेच महत्त्वाचे आहे ते खड्डा कशाने काढतात. जेसीबीला ब्रेकर लावून आणला की काम झपाट्याने होते, पण ब्रेकर कातळ फोडतो, कापत नाही. एक फूट रुंद हवा असलेला खड्डा दोन फुटांचा पसरट खळगा होतो आणि आजूबाजूच्या कातळाला तडे जातात. फुटभर रुंद आणि पंधरा इंच खोल खड्ड्यांना १:२:४ चे (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) काँक्रीट घातले तर सिमेंटच्या एका गोणीत साधारण पाच खड्डे होतात. तोच खळगा दोन फुटी झाला की एका खड्ड्यालाच एक गोणी लागते. ती गोणी कोणी घालत नाही. कडेने दगडमाती ढकलतात, मधोमध थोडे काँक्रीट टाकतात, आणि खांब त्या मातीत उभा राहतो. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर चालणारा जॅकहॅमर हळू आहे, पण खड्डा अरुंद आणि कडा घट्ट राहतात. कोण कशाने खोदणार, हे आधी विचारा. उत्तर ‘ब्रेकर’ असेल तर सिमेंटच्या किती गोण्या धरल्या, हा पुढचा प्रश्न. पाच खड्ड्यांना एक, म्हणजे १६५ खड्ड्यांना ३३ गोण्या, हा आकडा मनात ठेवा. कोणी वीस गोण्यांत काम उरकले तर कुठेतरी माती गेली आहे. आणि एक, कॉम्प्रेसर आलाच आहे तर कलमांचे खड्डेही त्याच फेरीत काढून घ्या. सड्यावर आंब्याच्या खड्ड्याला तो लागणारच, दोनदा भाडे कशाला द्यायचे?

पाण्याचे कोणी आधी बोलत नाही आणि नंतर भांडणे होतात. एप्रिल-मेमध्ये सड्यावर पाण्याचा थेंब नसतो. सुका जांभा स्पंजासारखा पाणी पितो. खड्डा आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवला नाही तर ओतलेल्या काँक्रीटमधले पाणी कातळ ओढून घेतो, आणि वरून ठीक दिसणारे काँक्रीट आत भुसभुशीत राहते. ओतल्यानंतर सात दिवस पाणी मारावे लागते. टँकर कोणी आणायचा, पाणी कोणी मारायचे, हे कागदावर हवे. तुमचे वडील गावात आहेत म्हणता, पण या वयात भर उन्हात १६५ खांबांना पाणी घालायचे काम त्यांच्यावर पडू देऊ नका. गोणपाटाचे तुकडे ओले करून खांबाच्या बुडाशी गुंडाळले की दिवसातून दोनदा पाणी पुरते.

मुळात जाळीच हवी का, हेही विचारतो. कुंपण कशासाठी, यावर ते अवलंबून आहे. भात कापून झाले की आपल्याकडे गुरे मोकाट सुटतात, त्यांना अडवायला जाळीची गरज नाही. त्यासाठी गडगा, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत, सर्वात चांगला. सड्यावर दगड पडलेलाच असतो, खोदाई जवळपास नाही, सिमेंट नाही, गंजायला काही नाही. बुडाला अडीच-तीन फूट रुंद आणि वर निमुळता होत गेलेला चार फुटी गडगा नीट रचला तर बांधणाऱ्याच्या नातवालाही उपयोगी पडतो. अडचण रचणाऱ्या हातांची आहे. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे, आणि मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड हवा. हे जमणारे गडी आता गावागावांत शोधावे लागतात. मिळाले तर सोडू नका.

रानडुकरांसाठी मात्र जाळी लागते, आणि तिथेही वरचे टोक नाही, बुड महत्त्वाचे. डुक्कर सहसा उडी मारत नाही, ते नाकाडाने जाळी उचलते. कातळ कधी सपाट नसतो, त्यामुळे सरळ ताणलेल्या जाळीखाली जागोजाग वीतभर फट राहते. बुडाशी एक जाड तार ओढून जाळी तिला बांधून घ्या, आणि फटींत चिरे बसवून सांधे भरा. माझ्या मते तुमच्या जागेला दोन्हींचा मेळ बसेल: दगड मुबलक असलेल्या बाजूंना तीन फुटी गडगा आणि त्यात उभे केलेल्या खांबांवर काटेरी तारेचे तीन पदर, बाकी बाजूंना जाळी. माकडे आणि वानरे यातल्या कशालाच जुमानत नाहीत. माकडे थांबतील असे सांगून कोणी जास्तीचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

गडगा असो की जाळीखाली चिऱ्यांचा थर, पावसाच्या पाण्याला वाट ठेवा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि सड्यावर तो मुरत नाही, चादरीसारखा वाहतो. बंद गडगा म्हणजे धरण. एका जुलैत तो कोसळतो, किंवा पाणी शेजाऱ्याच्या बागेत वळते आणि दहा वर्षांचे वैर सुरू होते. शक्य असेल तर यंदाच्या जुलैत एक दिवस छत्री घेऊन हद्दीवरून फिरा, पाणी जिथून वाहते तिथल्या दगडांवर ऑइलपेंटने खुणा करा आणि तिथे मोऱ्या ठेवायला लावा. हे काम तुमचे तुम्हीच करायचे, कंत्राटदार पावसात सड्यावर फिरकत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. तारेचा गेज जितका मोठा तितकी तार बारीक. १० गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १२ गेज म्हणजे २.६४. आकडा जवळचा वाटतो, पण १२ गेजच्या जाळीत लोखंड जवळपास एक तृतीयांश कमी असते. दर १० गेजचा लावून त्यापेक्षा बारीक तार येणे हे नेहमीचे. जाडी मोजायचा दीडशे-दोनशे रुपयांचा साधा व्हर्निअर घ्या, बंडल उतरले की पाच ठिकाणी माप घ्या, आणि एका बंडलाचे वजन करून बिलाशी ताडून पाहा. झिंकचा थर किती, हेही बिलावर लिहून घ्या. चेनलिंक जाळीसाठी आयएस २७२१ आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८ अशी भारतीय मानके आहेत, त्यांचा उल्लेख असलेला माल मागा. समुद्राची खारी हवा लागणाऱ्या सड्यावर पातळ झिंकची जाळी चार-पाच पावसांत लाल होते. त्याच कारणाने लोखंडी अँगलपेक्षा सिमेंटचे खांब बरे. खांब घेताना एक आडवा ठेवून मधोमध बघा: केसासारखी चीर दिसली की आतली सळई गंजायला सुरुवात होणार.

खोदाई सुरू करण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा, नाहीतर चांगले कुंपणही उपटावे लागते. पहिली मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, लगतच्या खातेदारांना नोटीस जाऊ द्या, आणि मोजणीच्या खुणांवर चिरे पुरून घ्या. ‘आमच्या आजोबांपासून इथेच हद्द आहे’ यावर कुंपण घालू नका. कोकणात सातबारावर एकाच गटात दहा-पंधरा नावे असतात, त्यातला एखादा मुंबईहून कधी येऊन हरकत घेईल सांगता येत नाही. दुसरी गोष्ट वाटा. सड्यावरून गुरांच्या, लाकडाच्या, देवळाच्या जुन्या पायवाटा जातात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ मध्ये बांधावरून रस्ता देण्याची तरतूद आहे, आणि वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. कायद्याचे जाऊ द्या, वाडीतल्या लोकांना विचारून दोन ठिकाणी बेडे, म्हणजे ये-जा करायला फाटके, ठेवलेत तर तेच लोक तुमच्या गैरहजेरीत बाग राखतील.

तिसरी गोष्ट कातळशिल्पे. तुमच्याच तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, देवीहसोळ इथल्या सड्यांवर ती आहेत, आणि कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. अनेक शिल्पे माती आणि गवताखाली झाकलेली असतात. यंत्र आणण्याआधी कुंपणाची रेषा खराट्याने झाडून घ्या. कोरीव रेषा दिसली तर तिथे जॅकहॅमर लावू देऊ नका, रेषा वळवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. आठ-दहा खांब इकडेतिकडे होतील, पण हजारो वर्षांचे कोरीव काम एका दुपारी फोडून टाकले तर ते कोणालाही परत करता येणार नाही. माझ्या टोळीला मी हे प्रत्येक कामावर सांगतो.

देशावरची मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढेच: तुमच्याकडे काळा पाषाण आणि मुरूम आहे, जांभा नाही. मुरमात खोदताना अचानक कडक लागले की लगेच कातळाचा दर मान्य करू नका. बऱ्याचदा तो मुरमात अडकलेला एकटा गोटा असतो. खांब दोन फूट सरकवला की खड्डा सहज निघतो. खरा काळा पाषाण लागला तर मात्र तो जांभ्याच्या कितीतरी पट कठीण, तिथे खड्ड्याऐवजी भोक पाडून त्यात सळई ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मालाने) बसवणे आणि वर चौथरा ओतणे परवडते.

आता माणूस कसा पारखायचा. त्याने काल संपवलेले काम बघू नका, दोन पावसाळे झालेले काम बघा. कोपऱ्यावरच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून हलवा. ताण तिथेच असतो, त्यामुळे काम कच्चे असेल तर आधी कोपरा बोलतो. खांबाच्या बुडाशी काँक्रीट आणि कातळ यांच्यात बोट जाईल इतकी फट आहे का बघा. जाळी दोन खांबांच्या मध्ये पोटासारखी सुटली असेल तर ताणाची तार कमी घातली आहे. तिथल्या मालकाला एकच विचारा: काही बिघडले तेव्हा हा माणूस फोन उचलत होता का? मग कंत्राटदाराला तुमच्या जमिनीवर न्या आणि गप्प राहून बघा. जो पायाने गवत बाजूला करतो, पहार मागतो, पाणी कुठून जाते विचारतो, तो काम जाणतो. जो गाडीतूनच फूट मोजतो, त्याने तुमच्या कातळाचा विचार केलेला नाही. प्रत्यक्ष खोदणारी टोळी कोणाची, तिच्याबरोबर रोज कोण थांबणार, हेही विचारा. कातळ सुका फोडताना जी धूळ उठते ती फुप्फुसात बसते. मजुरांना मास्क देण्याची आणि भोकात पाणी सोडत खोदण्याची तजवीज जो आधीच सांगतो, त्याला मी दोन पैसे जास्त देईन.

कागदावर काय असावे? खड्ड्याचे तीन प्रकार आणि तीन दर: माती, तुटका थर, एकसंध कातळ. प्रत्येकाची किमान खोली. आणि जादा खर्चाला वरची मर्यादा. तुमच्या तिसऱ्या माणसाचे ‘वेगळे’ हे उघडेच राहिले आहे, भीती त्याचीच वाटायला हवी. मर्यादा घातली की ती जाते. खांबांवर रंगाने नंबर टाकायला लावा आणि काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक खड्ड्याचा टेप धरून फोटो तुमच्या फोनवर यायला हवा. तुम्ही पुण्यात बसून १६५ फोटो बघू शकता. एका तासात कळेल कुठे सहा इंचांवर थांबले आहेत. सुरुवातीला सगळे पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा. मी स्वतः सामान जागेवर उतरल्यावर सामानाचे, अर्धे खांब उभे राहिल्यावर मजुरीचा एक हप्ता आणि काम संपल्यावर बाकी असे घेतो, आणि दहा टक्के गणपतीपर्यंत मालकाकडेच ठेवायला सांगतो. गणपतीला तुम्ही गावी येणारच. तोवर पावसाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो, कललेला खांब आणि वाहून गेलेला सांधा तेव्हा दिसतो. ही अट ऐकून जो लगेच नाराज होतो, त्याला आपल्याच कामाचा भरवसा नाही असे मी समजतो.

सौर कुंपणाबद्दलही तुम्ही शेवटी विचारले होते. त्याचे यंत्र साधारण सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका सोडते, प्राणी दचकून मागे जातो, मरत नाही. पण झटका बसायला प्रवाह प्राण्याच्या पायातून जमिनीत आणि तिथून अर्थिंगला परत जावा लागतो. एप्रिलमधला कोरडा कातळ प्रवाह जाऊ देत नाही. यंत्र टिकटिक करते, तार जिवंत असते, आणि डुक्कर आरामात आत येते. मग शेतकरी म्हणतो यंत्र फसवे. सड्यावर एक तार झटक्याची आणि तिच्या शेजारची अर्थिंगची, अशा जोडतारा ओढाव्या लागतात, म्हणजे दोन तारांना एकत्र स्पर्श झाला की झटका बसतो. अर्थिंगच्या सळया विहिरीजवळच्या किंवा पाणथळ मातीत पुराव्यात. विकणाऱ्याने हे आपणहून सांगितले नाही तर त्याच्याकडून घेऊ नका. आणि घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडायचा विचार कोणी सुचवला तर त्या माणसाला दारात उभे करू नका. त्याने माणसे आणि गुरे मेली आहेत, आणि तो सरळ गुन्हा आहे.

आणखी एक, जे लोक विसरतात: वणवा. फेब्रुवारीपासून सड्यावरचे गवत वाळते आणि एका ठिणगीने बागाच्या बागा जातात. कुंपणाच्या आतून दहा फुटांचा पट्टा गवत काढून साफ ठेवा. लाकडी खांब या कारणासाठी नकोतच, आणि आग लागून गेलेल्या जाळीचे झिंक जळून ती पुढच्या पावसात गंजते. हा पट्टा साफ ठेवायचा खर्च दरवर्षीचा आहे, तो कुंपणाच्या खर्चातच धरा.

तर पहिल्याला काम देऊ नका. तिसऱ्याला आधी फोन करा, चाचणी खड्डे काढून ठेवलेत असे सांगा, आणि तीन प्रकारांचे तीन दर लिहून मागा. दिले तर काम त्याला. टाळाटाळ केली तर तेच खड्डे दुसऱ्याला दाखवा, त्याचे १९० कदाचित खोलीसकट प्रामाणिक असतील. मोजणीचा अर्ज मात्र याच आठवड्यात करा, कारण तारीख मिळेपर्यंत बरेच दिवस जातात, आणि हद्दीचे चिरे पुरल्याशिवाय यातले कोणीच पहार उचलू नये.